टाका दिसतो, भोक दिसत नाही

दोन पट्ट्या तुमच्यात फिरवायला दिल्या आहेत, त्या हातात घेऊन बघा. चामडं एकच, दोरा एकच, शिवणारा हातही माझाच. तरी एकीवरचे टाके एका तिरक्या ओळीत बसलेत आणि दुसरीवरचे रांगेत उभे राहायला तयार नाहीत. फरक फक्त भोकांचा आहे. पहिलीची भोकं दातेरी छिन्नीने पाडली, दुसरीची गोल टोच्याने आणि डोळ्यांच्या अंदाजाने.

हाताने चामडं शिवायला लागलेला माणूस आधी सुई-दोऱ्याच्या मागे लागतो. मीही लागलो होतो. सात रंगांचे दोरे घेतले आणि छिन्नी मात्र मिळेल ती. चामड्याचं कापडासारखं नसतं. कापडात सुई आपली वाट काढते, चामड्यात वाट आधी तयार असावी लागते. टाका किती लांब, किती तिरका, कडेपासून किती आत, हे सगळं भोक पाडताना ठरून गेलेलं असतं. म्हणून पैसे थोडे असतील तर ते छिन्नीवर घाला.

छिन्नीचा दात पत्त्यातल्या चौकटसारखा असतो, पण चपटा आणि तिरका बसवलेला. दोरा त्या भोकाच्या एका कोपऱ्यातून निघतो आणि पुढच्या भोकाच्या समोरच्या कोपऱ्यात शिरतो, म्हणून टाका तिरका दिसतो. गोल भोकात दोऱ्याला टेकायला कोपराच नाही. तो सरळ पडतो आणि भोवती रिकामी जागा दिसत राहते. पहिली पट्टी आता उलटी करा. मागून तोच तिरकेपणा आरशातल्यासारखा उलटा होतो, त्यामुळे मागचे टाके सरळसर दिसतात. ही चूक नाही. या शिवणीत एका दोऱ्याला दोन सुया असतात; दुसरी सुई काढताना तिच्यावर दोऱ्याचा एक वेढा टाकला तर मागेही तिरपेपणा आणता येतो, पण ते पुढचं काम.

छिन्न्यांच्या दोन जाती आहेत. एक फक्त खुणा उमटवते आणि भोक नंतर आरीने, म्हणजे चामड्याला भोक पाडायच्या टोकदार हत्याराने पाडायचं. तिला प्रिकिंग आयर्न म्हणतात. दुसरी आरपार जाते. पाकिटासारख्या पातळ कामाला दुसरी सोयीची. जाड पट्ट्याला मात्र मी खुणा आणि आरी हेच करतो, कारण छिन्नी आरपार घालताना ती किंचितही कलली की मागची ओळ घसरते. हिशेब करून बघा: चार मिलिमीटर जाडीत दहा अंश कलली तर मागे जवळजवळ पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. पुढून सुंदर आणि मागून सापासारखी शिवण, हे असं होतं.

दातांमधल्या अंतराला पिच म्हणतात. कुणी ते मिलिमीटरमध्ये सांगतं, कुणी इंचात किती टाके ते. २५.४ ला पिचने भागलं की इंचातले टाके कळतात: ४ मिमीला सहाच्या जरा वर, ३ मिमीला साडेआठच्या आसपास. ३ मिमीच्या पिचला ०.६ मिमीचा दोरा, ४ ला ०.८ चा शोभतो. बारीक पिचमध्ये जाड दोरा कोंबला की टाके एकमेकांवर चढतात. दोन दातांची एक आणि पाच-सहा दातांची एक, अशा दोनच छिन्न्या घ्या. वळणावर दोन दातांची लागतेच. छिन्नीचा मागचा दात आधी पाडलेल्या शेवटच्या भोकात ठेवून पुढे सरका, अंतर आपोआप जुळतं. ठोकायला नायलॉनची किंवा लाकडी मोगरी. लोखंडी हातोड्याने छिन्नीचं डोकं पसरतं, मी एक तशी बिघडवलेली आहे.

आता सुया. सुरुवातीला घरातल्या कपडे शिवायच्या सुया वापरल्या. दुसरी सुई त्याच भोकातून येताना पहिल्या दोऱ्यालाच टोचून जायची, आणि दोरा ओढला तर टाका आवळेना. अर्धी बाजू उसवायला संध्याकाळ गेली. चामड्याच्या सुईचं टोक बोथट असतं ते यासाठीच. तिला भोसकायचं नसतं, वाट शोधायची असते. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही जातात. मशीनच्या शिवणीत दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की ती उसवत जाते. इथे एक टाका झिजला तरी शेजारचे धरून राहतात.

दोरा शिवणीच्या चौपट घ्या, जाड चामड्याला वीतभर जास्त. मेण लावलेला असेल तर उत्तम. चामडं धरायला लाकडी चिमटा, म्हणजे स्टिचिंग पोनी हवीच; गुडघ्यांत धरून शिवणारे आहेत, पण दोन्ही हात मोकळे नसतील तर दोन्ही बाजूंची ओढ सारखी येत नाही. कडेची रेघ कंपासच्या टोकाने मारा, पेन नको.

आणि शेवटचे दोन टाके उलटे घेतल्यावर पॉलिएस्टरचं टोक लायटरने वितळवून दाबा. लिननला ते करू नका. लिनन वितळत नाही, काळं पडतं. ते जवळून कापून थेंबभर गोंदाने आत बसवायचं.