कात्री लावण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

आषाढ लागला की मराठी मासिकांच्या कचेऱ्यांत दिवाळीची गडबड सुरू होते. लेखकांना पत्रं गेलेली असतात, मुखपृष्ठासाठी चित्रकाराशी बोलणं चाललेलं असतं, जाहिरातींची दरपत्रकं छापून आलेली असतात. आणि याच दिवसांत अशा कचेरीत एखादं नवं माणूस कामाला लागतं. हुद्दा शिकाऊ उपसंपादक, नाहीतर संपादन साहाय्यक. कुणी नुकतंच मराठी घेऊन एम. ए. झालेलं असतं, कुणी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून आलेलं. आज मला या मुलामुलींशी बोलायचं आहे, आणि त्यांच्या घरच्यांशीही. कारण "मासिकात नोकरी म्हणजे दिवसभर नेमकं करतेस काय?" हा प्रश्न घरी हमखास विचारला जातो.

सुरुवातीला काम एकच, मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासायची. मूळ मजकूर डाव्या हाताला, मुद्रित उजव्या हाताला, आणि ओळीखाली पट्टी धरायची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम तोंडपाठ हवेत. १९६२ मध्ये ठरलेले १४ आणि १९७२ मध्ये भर घातलेले ४, म्हणजे सगळे मिळून १८. एवढे पाठ करायला कुणालाही जड जाऊ नयेत. पण नियम पाठ असले तरी डोळा फसतोच. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या'तला अर्धा र तुटून पडतो, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. संगणकाच्या तांबड्या रेघेवर विसंबू नका. मजकूर मोठ्यानं वाचा. जे डोळ्याला दिसत नाही ते कानाला खटकतं. म्हणून पुन्हा सांगते, मोठ्यानं वाचा.

मुद्रितांच्या जोडीला एक बारीक टाइपातलं काम नवख्याकडे येतं. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ते असलेल्या त्या ओळी कायद्यानं प्रत्येक अंकात छापाव्याच लागतात. हा कायदा १८६७ चा होता, १ मार्च २०२४ पासून नवा लागू झाला. पण अंकात जे छापलं त्याची जबाबदारी संपादकावर, ही गोष्ट तशीच राहिली. त्या ओळी तपासताना हे लक्षात असू द्या.

मग येतो फर्म्यांचा हिशेब. कागदाचा मोठा ताव दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की बहुधा १६ पानं होतात. तो एक फर्मा. १९२ पानांचा दिवाळी अंक म्हणजे १२ फर्मे. मजकूर कितीही उत्तम असो, तो या फर्म्यांतच बसवावा लागतो. १९३ वं पान नसतं. आणि बसत नसेल तर कात्री लागते. मला आज खरं बोलायचं आहे ते या कात्रीबद्दल.

आपल्याकडे १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. या परंपरेत संपादकांच्या दोन तऱ्हा दिसतात. काही आलेला मजकूर लावून मोकळे होतात, काही लेखकाबरोबर बसतात. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे दुसऱ्या तऱ्हेचे. कथा कुठे सैल पडली, कुठे घाईनं संपली, हे ते लेखकाला पत्रानं कळवत आणि कथा पुन्हा लिहायला सांगत. साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे ठरावीक वेळ न पाळता निघणाऱ्या छोट्या अंकांच्या, तरुण लेखकांना 'सत्यकथे'च्या अभिरुचीचा जाच वाटला आणि त्यांनी तिच्याविरुद्ध बंड केलं, हेही तितकंच खरं. त्या वादात दोन्ही बाजूंकडे काही ना काही सत्य होतं. पण फेरफार करायचा तो लेखकाच्या हातून करून घ्यायचा, ही रीत मला फार मोलाची वाटते. लेखकाला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही. ही रीत मला कुणी व्याख्यान देऊन शिकवली नाही. मी ती एका रात्री टेलिफोनवर शिकले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर आमच्या मासिकाची कचेरी होती. दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा सकाळी छापखान्यात जायचा होता. पानं लावून झाली होती. संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका सहकारी बँकेची पाव पानाची जाहिरात आली. हल्ली जाहिरातींना नाकं मुरडणारे भेटतात, पण जाहिरातींशिवाय दिवाळी अंकाचा कागदसुद्धा येत नाही. जाहिरात घ्यायची ठरली. तिला २२ ओळींची जागा लागणार होती, आणि ती जागा निघणार होती फक्त एका कथेतून.

कथा एका निवृत्त शिक्षिकाबाईंची होती. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात त्या राहायच्या. कथेतली आई एकटी असते, मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेलेला असतो. रात्री दार वाजलं तर ती आतूनच "कोण?" म्हणून विचारते आणि सहसा उघडत नाही. कथेच्या शेवटी एका रात्री दार वाजायच्या आतच ती उठते, काही न विचारता कडी काढते. एवढीच कथा.

कचेरीतल्या वडीलधाऱ्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या. पहिल्याच पानावर मुलाच्या लहानपणाच्या दोन ओळी होत्या. जिना चढताना तो डाव्या पायातली चप्पल घासत चालतो आणि त्यावरून आईची बोलणी खातो. पुढे त्या चपलेचा कुठेच उल्लेख नव्हता. त्या ओळी जाऊ द्याव्यात असं ठरलं. बाकीच्या ओळी इकडूनतिकडून, एकेक दोनदोन. कथेच्या मध्यावर पावसाचा एक मोठा परिच्छेद होता, तो मात्र सगळ्यांनाच इतका आवडलेला की त्याला हात लावायचा नाही यावर एकमत झालं.

आमच्या संपादकांनी खुणा पाहिल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाईंना विचारलंत का?"

बाईंच्या घरी फोन नव्हता. पत्राखाली शेजाऱ्यांचा पीपी नंबर, म्हणजे बोलावून घेण्यापुरता त्यांचा फोन, दिलेला होता. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. संपादक म्हणाले, "लावा. शेजाऱ्यांची माफी मी मागतो." आणि खरोखरच त्यांनी आधी स्वतः बोलून शेजाऱ्यांची माफी मागितली, मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. पाचेक मिनिटांनी बाई आल्या. धावत आल्या असणार, दम लागलेला ऐकू येत होता. एवढ्या रात्री फोन म्हणजे त्यांना वाटलं, घरातलंच कुणाचं काहीतरी असावं.

मी काम सांगितलं. २२ ओळी कमी करायच्या आहेत, कुठल्या करू? त्या म्हणाल्या, "माझ्याजवळ दुसरी प्रत नाही हो. वाचून दाखवता का?"

मी कथा वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. पलीकडे बाई, त्यांच्यामागे कुठेतरी शेजाऱ्यांच्या घरातला भांड्यांचा आवाज, इकडे माझ्यासमोर हातात पेन्सिल घेऊन संपादक. चपलेच्या ओळी आल्या तेव्हा मी सांगितलं, की या काढाव्यात असं इथे काहींचं मत आहे. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, त्या काढल्यात तर ती दार का उघडते ते कुणाला कळणार?"

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना बाईंचं वाक्य सांगितलं. त्यांनी त्या ओळींवरची पेन्सिलीची खूण खोडरबरानं पुसून टाकली. काही बोलले नाहीत. जिन्यावर चप्पल घासल्याचा आवाज ऐकून आई उठलेली असते, आणि तो आवाज शेवटी लिहायचा नाही हे बाईंनी पहिल्या पानावरच ठरवलेलं होतं. कचेरीत ती कथा तिघांनी वाचली होती, मुद्रितं दोनदा तपासून झाली होती, आणि हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी पुढे वाचत राहिले. पाऊस आला. तो परिच्छेद मी अंमळ सावकाश वाचला. तो संपल्यावर बाई म्हणाल्या, "हा सगळा काढा."

मी म्हटलं, "बाई, इथे सगळ्यांना फार आवडलाय हा."

"मलाही आवडलाय. पण तो मी माझ्यासाठी लिहिला होता. गोष्टीला त्याचा उपयोग नाही."

१२ ओळी गेल्या. पुढे शेजारणीबरोबरचं एक संभाषण आलं, तिथे त्यांनी मला दोनदा थांबवलं आणि ११ ओळी कमी केल्या. तेवढ्यानं आई जास्त एकटी वाटायला लागली, हे वाचताना मलाही जाणवलं. मग मी शेवटपर्यंत वाचलं, ओळी मोजल्या आणि सांगितलं की २३ झाल्या, एक ओळ जास्तच गेली.

"म्हणजे एक जागा उरली?"

"हो."

"मग ती कडी काढते ना, त्याच्या आधी एक ओळ कोरी सोडा."

अंक तसाच छापला गेला. कडी काढण्याआधी एका ओळीची मोकळी जागा आहे. तो आवाज त्या जागेत आहे.

श्रोतेहो, नव्या संपादकानं पहिल्या वर्षात हे शिकावं. लेखकाला विचारावं. पटलं नाही तर वाद घालावा, जागेची अडचण मोकळेपणानं सांगावी, पण विचारावं. लेखक रात्री साडेनऊला शेजाऱ्यांकडे धावत येतात. त्यांना आपल्या ओळींची काळजी असते. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, फोटो काढून पान पाठवता येतं. तरीही छापून आल्यावरच आपला लेख अर्धा झाल्याचं लेखकाला कळतं, असं वरचेवर घडतं. हे घडू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते, साहित्य स्वीकारलं की नाही तेही कळवत जा. नकार असला तरी दोन ओळी लिहा. लिहिणारा महिनोन् महिने पोस्टमनची, आता ईमेलची, वाट पाहत असतो. मानधनाचंही तसंच. रक्कम लहान असेल तर लहान द्या, पण अंकाबरोबर द्या.

दिवाळी अंकांच्या कागदाबद्दलही मला बोलायचं आहे. हल्ली आतली पानंसुद्धा गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापतात. वाचनालयातून दिवाळी अंक नेणाऱ्यांत साठी ओलांडलेले वाचक पुष्कळ असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात तो कागद चमकतो, अंक हातात फिरवत फिरवत वाचावा लागतो. साधा पिवळसर कागद आणि जरा मोठा टाइप वापरा, वाचक दुवा देतील. पानपूरकंही परत आणा. लेख संपून खाली बोटभर जागा उरली की तिथे चार ओळींचा एखादा किस्सा, एखादी जुनी ओवी असायची. आम्ही अंक हाती आला की आधी पानपूरकं वाचत असू. नवख्यानं लिहायला शिकण्यासाठी पानपूरकासारखी दुसरी जागा नाही. चार ओळींत काही सांगता आलं तर चार पानांत येईल.

ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी जुने अंक भरपूर वाचावेत. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. मुलांसाठीचं मासिक म्हणून बाजूला सारू नका. वाक्य किती लांब ठेवायचं, चित्र कुठे लावायचं, हे त्यात पाहून शिकता येतं. एक वर्ष निवडा आणि त्याचे बाराही अंक ओळीनं वाचा.

अर्ज करताना नुसता बायोडेटा पाठवू नका. ज्या मासिकात जायचं आहे त्याच्या अलीकडच्या अंकातली एक कथा किंवा लेख घ्या. लेखकाला काय काय विचारावंसं वाटलं ते पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहा, आणि ते पान अर्जाला जोडा. अर्ज जुलै संपायच्या आत पाठवा. ऑगस्टमध्ये दिवाळी अंकाचा मजकूर यायला लागला की संपादकांना अर्ज उघडून बघायलाही सवड होत नाही.

नमस्कार.