मावशीला ऐकू कसं येतं?

विषय मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतल्या, मायक्रोआरएनएंचा आहे, त्याकडे येतेच. पण समोर इतके डॉक्टर बसलेत, तर आधी एक तक्रार मांडू द्या.

केसपेपरवर रकाना असतो: घरात कोणाला मधुमेह? आपण 'हो' लिहितो आणि पुढे जातो. कोणाला, ते लिहीतच नाही. माझ्याकडे पस्तिशीचा, अंगाने किरकोळ असा एक माणूस आला. बरीच वर्षं गोळ्या चालू, साखर आटोक्यात नाही, कानाला मशीन. मी नाती विचारत गेले. आईला साखर, मावशीला साखर, दोघींनाही चाळिशीत कमी ऐकू यायला लागलेलं. मामालाही मशीन, पण मामाची मुलं ठणठणीत. काका, आत्या खडखडीत. इतकं सगळं त्याला तोंडपाठ होतं, आणि त्याला ते आजवर कोणी विचारलंच नव्हतं! मला याचा राग येतो.

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. त्यांचा स्वतःचा डीएनए 16,569 अक्षरांचा, त्यात 37 जनुकं, त्यांतली 13 प्रथिनांची. त्यात 3243 व्या जागी 'ए'चा 'जी' झाला, की मधुमेह आणि बहिरेपण जोडीने येऊ शकतात. 1992 मध्ये एका डच कुटुंबात हे सापडलं. मामाला आजार होतो, पण तो त्याच्या मुलांकडे जात नाही, तो याचमुळे. अशा रुग्णाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी शक्यतो टाळतात, रक्तात लॅक्टेट हे आम्ल वाढायची भीती असते. आणि निदानासाठी नुसत्या रक्तावर विसंबू नका. वयाबरोबर रक्तातलं या बदलाचं प्रमाण घटतं. लघवीतल्या पेशींत तो जास्त खात्रीने सापडतो.

दहाच मिनिटं उरली म्हणतायत. बरं, भराभर सांगते.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत ग्लुकोज जळलं की एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं, पोटॅशियमची दारं मिटतात, कॅल्शियम आत येतं, इन्सुलिन बाहेर पडतं. एटीपी कमी पडलं की ही साखळीच अडते. जनुकातलं अक्षर बदललं तर हे होतं. पण अक्षर शाबूत असूनही मायटोकॉन्ड्रियाचं काम मंदावू शकतं, कारण जनुकाचा निरोप, म्हणजे प्रथिन बनवायची सूचना, मध्येच दाबता येतो. मायक्रोआरएनए तेच करतात: साधारण 22 अक्षरांचे आरएनएचे तुकडे. त्यांच्या शोधासाठी ॲम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना 2024 चं नोबेल मिळालं. मायक्रोआरएनए बनतात पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून, म्हणजे आई-वडील दोघांच्या वारशातून, आणि त्यांतले काही मायटोकॉन्ड्रियाच्या आतही सापडतात. कसे शिरतात, यावर अजून वाद आहे. सगळे दाबतातच असंही नाही. 2014 मध्ये दिसलं, की स्नायूंतला 'मिर-1' हा मायक्रोआरएनए मायटोकॉन्ड्रियाच्या आत गेल्यावर प्रथिनं बनणं उलट वाढवतो.

मधुमेहातलं माझं आवडतं उदाहरण हृदयाचं आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गटाने 2015 मध्ये मधुमेही उंदरांत दाखवलं, की हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियात 'मिर-378' वाढतो आणि 'एटीपी6' हे प्रथिन घटतं. त्या 13 प्रथिनांपैकीच हे एक! तो मायक्रोआरएनए अडवल्यावर प्रथिन टिकलं, हृदयाचं कामही सुधारलं. बदललेलं अक्षर आज आपल्याला रुग्णाच्या शरीरात दुरुस्त करता येत नाही, दाबलेला निरोप मात्र मोकळा करता आला. हे उंदरांत झालं. माणसांसाठी असं औषध अजून नाही. उरलेल्या स्लाइड राहू द्या, प्रश्न घेऊ या.