ऑटोमॅटिक गाडी धक्के देत असेल, तर जॉबकार्डावर काय लिहून घ्याल?

नमस्कार मंडळी.

"ऑटोमॅटिक गाडी घेतली, वर्ष सरायच्या आत ती धक्के देऊ लागली आणि सर्व्हिस सेंटर म्हणते की असे होतेच, आता करायचे काय?" हा प्रश्न तुमच्यापैकी इतक्या जणांनी विचारला आहे की एकेकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा आज त्यावर सविस्तर बोलावे, असे ठरवले. विचारणारे बहुतेक जण मुंबई-ठाण्याचे आहेत, आणि त्यात नवल नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर किंवा घोडबंदर रोडवर संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना गिअरबॉक्सचा जितका कस लागतो, तितका मोकळ्या महामार्गावर लांबचा प्रवास करतानाही लागत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या प्रकारांची ओळख थोडक्यात करून घेऊ, कारण ती बहुतेकांना आहेच. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि कप्प्या असतात, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे जाते आणि ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात. एएमटी गाडी गिअर बदलताना किंचित अडखळते, हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. तेवढ्यासाठी ग्राहक आयोगात जाण्याच्या गोष्टी कृपया करू नका. मात्र गाडी चालू असताना आपोआप न्यूट्रलमध्ये पडणे, 'डी' (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याचा गिअर) टाकल्यावर काही सेकंद हालचालच न होणे, हळू चालवताना संपूर्ण गाडी थरथरणे, इंजिन गरगरत राहून वेग न वाढणे किंवा गिअरबॉक्स तापल्याचा इशारा वारंवार येणे, ही लक्षणे स्वभावाच्या नावावर खपवून घेण्यासारखी नाहीत.

गेल्या व्हिडिओखाली एका प्रेक्षकाने लिहिले होते की सर्व्हिस सेंटरने त्यांनाच दोष दिला: "तुमची चालवण्याची पद्धत चुकीची आहे." हे वाक्य वाचून मला खरोखर राग येतो. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या कोरड्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सविषयी अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हजारो मालकांच्या तक्रारी होत्या, आणि ऑस्ट्रेलियात अनेक ग्राहकांना हेच सांगितले गेले होते की थरथर तुमच्या चालवण्यामुळे होते. 2018 साली तेथील फेडरल कोर्टाने, ग्राहकांच्या तक्रारी ज्या रीतीने हाताळल्या गेल्या त्याबद्दल, कंपनीला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फोक्सवॅगनलाही ड्युअल क्लच गिअरबॉक्समधील दोषामुळे 2013 मध्ये चीनमध्ये 3 लाख 84 हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोष रचनेत असू शकतो, हे एवढे सिद्ध झालेले असताना प्रत्येक वेळी चालकाकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा व्हिडिओ केला, त्याकडे येतो. तुमचा खटला आयोगात उभा राहत नाही, तो सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभा राहतो. गाडी दिली की सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर तक्रार लिहून घेणारा कर्मचारी, तुमचे बोलणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि संगणकावर 'जनरल चेकअप' असे टंकून तो कागद, म्हणजेच जॉबकार्ड, सहीसाठी तुमच्यापुढे सरकवतो. आपण ऑफिसला उशीर होतो आहे म्हणून न वाचता सही करतो.

माझी मावशी मुलुंडला राहते. गुडघेदुखीमुळे तिने मुद्दाम ऑटोमॅटिक गाडी घेतली. सोसायटीच्या पार्किंगच्या चढावर रिव्हर्समधून 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद काहीच करत नसे, तेवढ्यात हातभर मागे घरंगळत असे आणि मग एकदम धक्क्याने पुढे झेपावत असे. मावशी हे सगळे ॲडव्हायझरला नीट समजावून सांगत असे. तिची जॉबकार्डे मागवून पाहिली, तेव्हा एकावर 'पिकअप कमी', दुसऱ्यावर 'जनरल चेकअप' आणि तिसऱ्यावर चक्क 'वॉशिंग' असे लिहिलेले होते. कागदांवर विश्वास ठेवायचा, तर गिअरबॉक्सची तक्रार तिने कधी केलीच नव्हती. त्यानंतर तिने लक्षण, जागा आणि किलोमीटर स्वतः लिहून नेले, तेच शब्द जॉबकार्डावर घालायला लावले आणि मेकॅनिकला शेजारी बसवून तशाच चढावर ट्रायल दिली. क्लच वॉरंटीत बदलून मिळाला.

हीच गोष्ट आयोगाच्या बाजूने पाहा. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार गाडीत निर्मितीचा दोष आहे, हे दाखवण्याची जबाबदारी मुख्यतः तक्रारदारावर असते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कलम 38 खाली आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण तपासणी होईपर्यंत गाडी कितीतरी महिने पुढे गेलेली असते, मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललेले असते, एखादा सुटा भागही बदललेला असतो. अशा वेळी पहिल्या दिवसापासून तीच तक्रार, तारखांसह, दर जॉबकार्डावर आलेली असेल, तर ती नाकारणे कंपनीच्या वकिलाला जड जाते. 'वॉशिंग' लिहिलेले जॉबकार्ड मात्र तो आनंदाने तुमच्याविरुद्ध वाचून दाखवील.

आणि मुदतीच्या बाजूनेही पाहा. वॉरंटी संपण्यापूर्वी तक्रार नोंदलेली असली, तर "दोष वॉरंटीनंतर उद्भवला" हा बचाव टिकत नाही. कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत आयोगाकडे जावे लागते, आणि कंपनीशी ईमेल चालू आहेत एवढ्यामुळे ती मुदत वाढत नाही. "पुढच्या सर्व्हिसला बघू" असे सांगून ग्राहकाला झुलवत ठेवले जाते, त्यात ही 2 वर्षे कशी निघून जातात ते कळतही नाही. काउंटरवर ॲडव्हायझर तुमचे शब्द लिहायला तयार नसेल, तर तेथेच उभे राहून तोच मजकूर डीलर आणि कंपनी या दोघांनाही ईमेल करा आणि गाडी त्यानंतरच ताब्यात द्या.

"भारतात लेमन लॉ आहे का?" असे अनेक जण विचारतात. लेमन लॉ म्हणजे वारंवार बिघडणारी सदोष गाडी बदलून देणे किंवा तिची किंमत परत करणे कंपनीला भाग पाडणारा कायदा. अमेरिकेत राज्याराज्यांत तसे कायदे आहेत, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. येथे गाडी बदलून मिळणे शक्य आहे, पण सोपे नाही. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन असेल, तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश समर्थनीय ठरत नाही. 2022 मध्ये ह्युंदाईच्या एअरबॅग न उघडल्याच्या खटल्यात मात्र याच न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. म्हणून तक्रारीत केवळ "नवी गाडी द्या" एवढेच मागू नका. ते शक्य नसल्यास किंमत व्याजासह परत द्यावी, तेही नसल्यास गिअरबॉक्स विनामूल्य बदलून नव्याने वॉरंटी द्यावी आणि शिवाय नुकसानभरपाई द्यावी, अशा पर्यायी मागण्या उतरत्या क्रमाने लिहा. डीलर आणि उत्पादक या दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

बाकीची प्रक्रिया तुम्हाला वाटते तितकी अवघड नाही. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि बारा-पंधरा लाखांच्या गाडीसाठी शुल्क फक्त 400 रुपये आहे. वकील सक्तीचा नाही. गाडी पुण्यातून घेतली असली तरी तुम्ही बोरिवलीत राहत असाल, तर कलम 34 मुळे उपनगर जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि ती ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक जरूर लावा, कारण काही तक्रारी तेवढ्यावरही मिटतात. मार्गदर्शन हवे असेल, तर 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आपल्या शहरातच आहे. कायद्यात निकालासाठी 3 महिने, तपासणी लागल्यास 5 महिने असे लिहिले आहे. प्रत्यक्षात वर्षे लागतात, आणि ती तयारी ठेवूनच पुढे जा.

एका कॅबचालक दादांनी विचारले आहे की टॅक्सीचा परवाना असलेली गाडी 'व्यावसायिक' म्हणून बाद होते का. स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असाल, तर स्वयंरोजगार म्हणून कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. चार-पाच गाड्या घेऊन त्यांवर चालक ठेवले असतील, तर अडचण येईल.

गाडी धावताना न्यूट्रलमध्ये पडत असेल, तर तो सुरक्षेचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि त्यात तक्रारींची संख्याही पाहिली जात असल्यामुळे परिवहन मंत्रालयाकडेही तक्रार नोंदवा. तुमच्या चेसिस नंबरवर एखादा रिकॉल आधीच निघाला आहे का, हेही कंपनीकडे विचारून घ्या.

राहिला शेवटचा प्रश्न, जो एका ताईंनी कालच विचारला: दुरुस्तीनंतर गाडी परत घेताना 'काम समाधानकारक' अशा छापील ओळीखाली सही मागतात, ती करावी का? आधी ट्रायल घ्या, तीही जेथे लक्षण दिसते तशाच चढावर किंवा तशाच गर्दीत. धक्का अजूनही जाणवला, तर ती ओळ खोडून "तक्रार कायम आहे, ट्रायलमध्ये धक्का जाणवला" असे तारीख आणि किलोमीटरसह स्वतःच्या हाताने लिहा, खाली सही करा आणि तो कागद त्यांच्या हाती देण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवा.