हस्तगत शस्त्रे आणि ती खाली आणणारे हात

श्रोतेहो,

द्रासच्या कारगिल युद्धस्मारकात गेलेला माणूस पाकिस्तानी फौजेकडून हस्तगत केलेल्या शस्त्रांपुढे हमखास थांबतो. त्या शस्त्रांविषयी आज मला बोलायचे आहे. पण ज्यांनी ती शिखरांवरून खाली आणली त्या जवानांचा दिवस कसा जात होता, हे आधी सांगितल्यावाचून त्या शस्त्रांचे मोल कळणार नाही, असे मला वाटते.

1999 च्या उन्हाळ्यात द्रासचे तळ सुमारे 10,800 फुटांवर होते आणि टायगर हिलचा माथा सुमारे 16,600 फुटांवर. वरच्या मोर्च्यांतून श्रीनगर–लेह रस्ता आणि चढावरची प्रत्येक हालचाल शत्रूला दिसत असल्यामुळे आपल्या जवानांचे दिवसरात्रीचे गणितच उलटे झाले होते. दिवस उजाडला की खडकाच्या आडोशाला निपचित पडून राहायचे आणि अंधार पडला की दोराला धरून वर सरकायचे. विरळ हवेने डोके ठणकत असे, भूक मरत असे आणि झोप लागली तरी ती थंडीने मोडत असे. पाणी तर बर्फाच्या रूपाने समोरच असे. पण ते वितळवण्यासाठी स्टोव्ह पेटवावा तर उजेडाने ठावठिकाणा उघड होण्याची धास्ती, म्हणून कित्येकदा बर्फच तोंडात धरून घसा ओला करावा लागे. पाठीवर शिधा जास्त घ्यावा की काडतुसे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी काडतुसांच्या बाजूने दिले. घरची पत्रे तळावर येऊन पडत. पण ती वाचायची तर आधी खाली उतरणे व्हायला हवे असे. या चढाईला खालून बोफोर्स तोफांचा आधार होता, आणि त्या चालवणारे कितीतरी गोलंदाज आपल्या नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात घडलेले होते.

मोर्चा हाती आला तरी तिथे पडलेली बंदूक लगेच उचलायची नाही, अशी शिस्त असते. तिच्याखाली पिन काढलेला हातबाँब दडवलेला असू शकतो. म्हणून तिला दोर बांधायचा, दगडाआड जाऊन ती ओढायची, थोडे थांबायचे आणि मगच जवळ जायचे. मग मॅगझिन काढून, बोल्ट मागे खेचून आत गोळी नाही याची खात्री करायची आणि क्रमांक टिपून घ्यायचा. रात्रभर लढून हात बधिर झालेल्या माणसाने हे सारे करायचे असते, हे ध्यानात घ्या.

20 जून रोजी 13 जम्मू-काश्मीर रायफल्सने पॉइंट 5140 हे शिखर घेतले. तिथे मिळालेल्या विमानवेधी मशीनगनसोबतचे कॅप्टन विक्रम बत्रा यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. या 12.7 मिलिमीटरच्या जातीच्या गनचे वजन तिवईवाचूनच सुमारे 34 किलो भरते. विमानांसाठी बनलेले हे हत्यार शत्रूने उतारावरून चढणाऱ्या माणसांवर रोखले होते.

मला या शस्त्रांचे खरे महत्त्व पुराव्यात दिसते. वर बसलेले लोक मुजाहिदीन आहेत, पाकिस्तानी सैनिक नव्हेत, असे पाकिस्तान तेव्हा जगाला सांगत होता. परंतु मोर्च्यांत मिळालेल्या जी-3 रायफली या पाकिस्तानी पायदळाच्या नेहमीच्या, वाह येथील सरकारी कारखान्यात बनणाऱ्या रायफली होत्या. आणि त्यांच्याजवळ सापडलेली वेतनपुस्तके व ओळखपत्रे पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्री या दलाच्या जवानांची होती. टायगर हिलवर पडलेला त्याच दलाचा कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हा हुद्दा नव्हे, त्याच्या नावाचाच भाग) शौर्याने लढला, हे आपल्या भारतीय सेनेच्या ब्रिगेडियर बाजवा यांनी लिहून ती चिठ्ठी त्याच्या मृतदेहाच्या खिशात ठेवली. पुढे पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. जे नाकारले जात होते ते शेवटी 2010 मध्ये पाकिस्तानी सेनेच्याच संकेतस्थळावर आले: कारगिलमध्ये मेलेल्या 453 सैनिकांची नावे तिथे प्रसिद्ध झाली. बोलाचालीत हा वाद अकरा वर्षे चालला. रायफली आणि वेतनपुस्तके मात्र 1999 च्या जूनमध्येच जवानांच्या पाठीवरून खाली आलेली होती.