केसपेपर घेऊन या

तुमच्यापैकी बहुतेकांनी नुकताच दवाखाना थाटलाय. साडेचार वर्षांचं बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, वर्षभराची इंटर्नशिप, मग भाड्याचा गाळा, दारावर पाटी आणि रिकाम्या दुपारी. कॉलेजात शंका आली की शेजारच्या बाकावर विचारता यायचं. आता शेजारच्या गल्लीतला वैद्य स्पर्धक झालेला असतो. त्याला विचारायचं म्हणजे कमीपणा!

आयुर्वेदाचा जुना ग्रंथ असलेल्या चरकसंहितेला मात्र यात कमीपणा वाटत नाही. तिच्या विमानस्थान या भागाच्या आठव्या अध्यायात वैद्यानं वैद्याशी संभाषा, म्हणजे शास्त्रचर्चा, करावी, असं स्वच्छ सांगितलंय. संभाषा दोन प्रकारची: सलोख्याची ती संधाय, जिंकण्यासाठीची ती विगृह्य. पहिली कुणाशी करावी? जो रागीट नाही, मत्सरी नाही, ज्याला पटवून देता येतं आणि ज्याला पटवून घेता येतं, त्याच्याशी. दुसरीसाठी चक्क डावपेच दिलेत. समोरच्याचं पाठांतर कच्चं असेल तर लांबलचक सूत्रं म्हणून त्याला गार करावं, हा त्यातला एक. आपल्या परिसंवादांत हाच डाव जास्त चालतो. वीस मिनिटं श्लोक, आणि रुग्णाचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही.

म्हणून म्हणतो, पाच-सहा जण महिन्यातून एकदा बसा आणि येताना केसपेपर आणा. रुग्णाचं नाव झाका, बाकी सगळं उघडं ठेवा: काय दिलं, किती मात्रेत, कोणत्या अनुपानाबरोबर (मध, तूप, कोमट पाणी, जे काही असेल ते), आणि ॲलोपॅथीच्या कोणत्या गोळ्या चालू होत्या.

समजा, अम्लपित्ताच्या रुग्णाला तुम्ही ज्येष्ठमध दिलं. दोन महिन्यांत जळजळ थांबली. तुमच्या लेखी केस यशस्वी. त्याच काळात त्याचं बीपी चढलं, फिजिशियननं गोळी वाढवली, आणि हे तुम्हाला सांगावं असं त्याला वाटलंच नाही. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, बीपी वाढतं, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण स्वतःच्या यशाच्या कागदाकडे कोण संशयानं बघतं? ते काम समोर बसलेली मैत्रीण करते: ‘अगं, बीपी शेवटचं कधी मोजलंस?’ तसंच पिंपळीचं. तिच्यातलं पायपरिन फेनिटॉइन या फिट्सवरच्या औषधाची रक्तातली पातळी वाढवू शकतं. फिट्सच्या रुग्णाला खोकल्यासाठी त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) देताना हे आठवून देणारं कुणीतरी हवं.

आणि जो रुग्ण यायचाच थांबला, त्याचा कागद आधी काढा. तो बरा झाला असं आपण सोयीनं धरून चालतो. एक फोन करायला काय हरकत आहे?

आता मालाबद्दल. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली: टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीसारखीच दिसणारी वेल, गफलत तिथं झाली असेल. यावर आपल्याकडे भरपूर आवाज झाला, दोन्ही बाजूंनी. मला विचाराल तर त्यात एक प्रश्न राहूनच गेला: तुमच्या बरणीतलं चूर्ण कोणत्या वेलीचं, हे तुम्हाला तरी माहीत आहे का? तयार चूर्ण विकत घेतलं की ते कळायचा मार्गच संपतो. एकट्या नव्या वैद्याला अख्ख्या काड्यांचं पोतं परवडत नाही. पाच जणांना परवडतं. एकत्र मागवा, एकत्र उघडा, काडी मोडून बघा, मग वाटून घ्या.

ब्राह्मी म्हणून आपल्याकडे बाजारात अनेकदा मंडूकपर्णी मिळते. दोन्ही रोपं कुंडीत लावून बैठकीच्या खोलीत ठेवली तर हा घोळ कायमचा मिटेल. वनस्पती नावानं आणि रूपानं ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी, असं चरकच म्हणतात. तेव्हा वर्षातून एखादी बैठक रानात घ्या आणि त्या दिवशी बोलायचं काम एखाद्या गुराख्याला द्या.

औषधाचा त्रास झाला असं वाटलं तर ‘आयुष सुरक्षा’ या अशा तक्रारी नोंदवणाऱ्या सरकारी व्यवस्थेकडे कळवा. एकट्यानं कळवायला भीती वाटते, पाटीवर नाव असतं ना. बैठकीतच सगळे मिळून फॉर्म भरा.

चला, आता तुमचे कागद काढा. ज्यानं आणलेला नाही, त्यानं आज फक्त प्रश्न विचारायचे.