ऱ्हाईनचे किल्ले, डेकवरून

नमस्कार श्रोतेहो. जर्मनीत ऱ्हाईन नदीवर रूडेसहाइम ते कोब्लेन्झ हा जेमतेम ६५ किलोमीटरचा पट्टा. किल्ले इतके दाट, की एकाचं नाव विचारेपर्यंत दुसरा मागे पडतो. ध्वनिक्षेपकावरच्या निवेदनावर विसंबू नका, काठावरच्या पाट्या वाचा.

नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कॉन्स्टान्झ शहरातल्या पुलापासून मोजलेले किलोमीटर पांढऱ्या पाट्यांवर मोठ्या आकड्यांत लिहिलेले असतात. ५३३ ला राइनश्टाइन, ५४६ ला काउबचा जलदुर्ग, ५८० ला मार्क्सबुर्ग. प्रवाहासोबत बोट तासाला साधारण २० किलोमीटर जाते, म्हणजे दोन पाट्यांत तीन मिनिटं. बाखाराखची ५४३ ची पाटी दिसली की जलदुर्गाला नऊ मिनिटं उरली. उलट दिशेला वेग बराच कमी, त्यामुळे पाहायला निवांत वेळ मिळतो. निवड हाती असेल तर तीच फेरी घ्या.

डावा-उजवा तीर नेहमी प्रवाहाच्या दिशेनं धरतात. बोट प्रवाहाविरुद्ध चालली असेल तर डावा तीर तुमच्या उजव्या हाताला येतो. इथेच बहुतेकांची फसगत होते. ऊन सकाळी डाव्या तीरावर, म्हणजे राइनश्टाइनवर समोरून पडतं. उजव्या तीरावरचे किल्ले दुपारनंतर उजळतात.

काउबचा जलदुर्ग नदीतल्या खडकावर उभा आहे, जकात वसूल करण्यासाठी बांधलेला. त्याचं टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला नावेच्या नाळेसारखं निमुळतं आहे. हिवाळ्यात वाहून येणारा बर्फ त्यावर फुटायचा. त्यामुळे प्रवाहासोबत येताना हे टोक आधी, पुढच्या बाजूनं पाहा. लोरेलायचा १३२ मीटरचा कडा ओलांडून उजवीकडचा कात्स किल्ला मागे पडला, की डेकच्या मागच्या टोकाला जा. किल्ला आणि त्यामागे कडा, दोन्ही एकत्र तिथूनच दिसतात. पुढे गर्दी करणाऱ्यांना हे कळतच नाही!

दुर्बीण आठपट पुरे. दहापटीत इंजिनाची थरथर डोळ्यांत येते. कॅमेरा कठड्यावर टेकवू नका, कारण तीच थरथर फोटोत उतरते. कोपर अंगाशी घट्ट धरा, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवा.

माइन नदीवर पूल ठेंगणे, म्हणून वरचा डेक बरेचदा बंद करतात. या पट्ट्यात मात्र कोब्लेन्झपर्यंत एकही पूल नाही. आडवं येतं ते दुपारचं जेवण. मार्क्सबुर्ग हा इथला कधीच उद्ध्वस्त न झालेला डोंगरी किल्ला. प्रवाहासोबत येताना ५७५ ची पाटी दिसली की ताट तसंच सोडून वर या.