मी कुठल्या बॅचची?

(अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून. मधल्या पार्किंगच्या सूचना गाळल्या आहेत.)

नमस्कार मंडळी. सहाचा कार्यक्रम सात वाजून दहा मिनिटांनी सुरू करणाऱ्या मंडळात ‘कॉलेज लवकर संपवणे’ या विषयावर बोलायचं म्हणजे धाडसच. दूध अजून आटायचंय असा निरोप आतून आलाय, तेव्हा तेवढा वेळ माझा.

गेल्या महिन्यात पुण्यात, कोथरूडच्या एका घरात गणपती बसलेले. घर आपल्याच मंडळातल्या एका कुटुंबाचं, आजी-आजोबांचं. मायलेकींना विचारूनच सांगतेय. मुलगी एकोणीस वर्षांची. चार वर्षांचं कॉलेज दोन वर्षांत उरकून मे महिन्यात पदवी घेतली, नोकरी ऑक्टोबरपासून. म्हणून कळत्या वयात पहिल्यांदाच तिला पुण्याचा गणपती मिळाला. आपल्या बाकीच्या मुलांची शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, त्यांचा गणपती व्हिडिओवर.

संध्याकाळच्या आरतीला आईच्या कॉलेजातल्या सात-आठ मैत्रिणी आल्या. मग काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मंत्रपुष्पांजली संपते न संपते तोच कोणीतरी “आव्वाज कुणाचा” ओरडलं, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरातल्या विंगांच्या आठवणी निघाल्या, सेट कुणी पाडला यावर भांडण, आणि पन्नाशीच्या बायका एकमेकींना बॅचवरून हाका मारायला लागल्या. त्यातल्या एकीने सहज या मुलीला विचारलं, “आणि तू कुठल्या बॅचची गं?” मुलीने आईकडे बघितलं. “आई, मी कुठल्या बॅचची?”

प्रवेश एका बॅचबरोबर, पदवी दोन वर्षं आधीच्या बॅचबरोबर. कुणी उत्तर दिलं नाही. तिच्या ताटात आणखी एक मोदक वाढला गेला. उत्तर सुचलं नाही की वाढायचं, ही आपली जुनी रीत.

रात्री घरात वाजलंच. अख्ख्या सोसायटीला पेढे वाटून बसलेले आजोबा म्हणाले, यात रडण्यासारखं काय आहे? आई म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं. प्रश्न विचारणारी झोपून गेली होती.

आता थोडं गणित, कारण आपल्या पॉटलकमध्ये या विषयावर अर्धवट माहितीच जास्त फिरते. अमेरिकेत पदवीला साधारण 120 क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायची एककं, लागतात. सेमिस्टरला 15, वर्षाला 30, चार वर्षं. ही बेरीज आधीपासून पोखरायचे रस्ते तीन. एपीच्या (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षा, म्हणजे हायस्कूलमध्येच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा, मे महिन्यातल्या, 1 ते 5 गुणांच्या: 4-5 आले, काही ठिकाणी 3 आले तरी, बरीच सरकारी विद्यापीठं एकेका परीक्षेला 3 ते 8 क्रेडिट देतात. नामांकित खासगी विद्यापीठांतली काही मात्र क्रेडिट देत नाहीत, नुसतं वरच्या वर्गात बसू देतात. दुसरा रस्ता, हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे वर्ग. तिसरा, उन्हाळी सत्र. शिवाय बऱ्याच ठिकाणी 12 ते 18 क्रेडिटपर्यंत फी एकच असते, म्हणजे 15 ऐवजी 18 घेतली तर वरची तीन फुकट. फुकट म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या माना वर झाल्या, बघा. अठराच्या वर मात्र परवानगी लागते आणि बहुतेक वेळा जादा पैसेही.

फसतं कुठे? क्रेडिट किती आली यापेक्षा ती कुठल्या खणात पडली, तिथे. समजा मुलाने 40 आणली. त्यातली 25 ‘फ्री इलेक्टिव्ह’च्या, म्हणजे आवडीच्या कुठल्याही विषयाच्या, खणात गेली आणि त्या खणात जागाच 12 ची असेल, तर 13 शोभेची. दुसरं, साखळी. कॅल्क्युलस एक, दोन, तीन, मग डिफरन्शियल इक्वेशन्स, मग मुख्य विषयाचे वर्ग. एक झाल्याशिवाय पुढचा नाही. इंजिनिअरिंगला साठ क्रेडिट घेऊन गेलात तरी ही साखळी आपल्याच चालीने चालते. त्यातला एखादा वर्ग फक्त फॉलमध्येच, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सत्रातच, असतो. तो हुकला की सेमिस्टर नाही, वर्ष जातं. तिसरं, शेवटची 30 क्रेडिट त्याच विद्यापीठात घेतली पाहिजेत असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, त्यामुळे घराजवळच्या कॉलेजात स्वस्तात उरकायचा बेत ऐनवेळी कोसळतो. चौथं, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अनेकदा दोन सेमिस्टरांचा असतो.

म्हणून पहिल्याच आठवड्यात डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीसाठी काय झालं आणि काय उरलं याचा विद्यापीठाचा हिशेब, काढायचं आणि आराखडा उलटा मांडायचा. शेवटचं सेमिस्टर आधी, मग मागे मागे यायचं. एपीच्या जोरावर कॅल्क्युलसचा वर्ग ओलांडायचा असेल, तर त्याच विद्यापीठाची जुनी अंतिम परीक्षा मिळवून घरी घड्याळ लावून सोडवायची. सत्तर टक्क्यांच्या खाली आलात तर एपीचा 5 फ्रेम करून भिंतीवर लावा आणि मुकाट वर्गात बसा. वैद्यकीयकडे जायचं असेल तर आणखी जपून, कारण आवश्यक विज्ञान विषयांसाठी एपीची क्रेडिट काही मेडिकल स्कूलना चालत नाहीत.

हे सगळं आपली मुलं जमवतात. त्यात आपण पटाईत आहोत. ऑडिटमध्ये ज्याला खणच नाही, त्याचं काय करायचं ते आपल्याला येत नाही.

आपली पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, टीम आठवा. पहिल्या वर्षी लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, उचलायच्या आणि चहा आणायचा. दुसऱ्या वर्षी भूमिका, मिळाली तर. तिसऱ्या वर्षी दिग्दर्शन, आणि आधीच्या वर्षी आपल्याला ओरडले होते तसं नव्यांना ओरडायचं. इथल्या कॉलेजातल्या मंडळांचीही उतरंड हीच असते. रोबोटिक्स असो की भांगडा टीम, सूत्रं हाती येतात ती तिसऱ्या वर्षी. जी मुलगी दोन वर्षांत जाते ती लेव्हल उचलते आणि घरी येते.

घरांचंही तसंच. कॉलेजच्या गावात पुढच्या ऑगस्टच्या भाड्याच्या घराचे करार मुलं अनेक ठिकाणी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करून टाकतात. चौघांचं टोळकं जमताना पहिला प्रश्न असतो, पुढची दोन वर्षं कोण कोण आहे? जो नाही, त्याला कुणी मुद्दाम वगळत नाही. तो यादीत येतच नाही, इतकंच.

नोकरीचं गणितही इथेच अडकतं. मोठ्या कंपन्या उन्हाळी इंटर्नशिप आदल्या फॉलमध्ये भरतात आणि त्यांना बहुधा तिसरं वर्ष संपवून पुन्हा कॉलेजात परतणारी मुलं हवी असतात, कारण तिथूनच पुढची ऑफर निघते. तीन वर्षांत संपवणाऱ्याचा तो उन्हाळा दुसऱ्या वर्षानंतर येतो. अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला करायचा, तेव्हा मुख्य विषयाचे जेमतेम दोन-तीन वर्ग झालेले. दोन वर्षांत संपवणाऱ्याला तर पहिल्या वर्षाच्या सप्टेंबरमध्येच, वसतिगृहातली चादर नीट घालायच्या आधी, अर्ज करावा लागतो. पुढे शिकायचं तर शिफारसपत्रं तीन लागतात, आणि ती लिहिणाऱ्या प्राध्यापकाने आपल्याला एकाच सेमिस्टरला, दोनशेच्या वर्गात पाहिलेलं असतं. पत्र येतं, पण ते ‘विद्यार्थिनी वक्तशीर आहे’ छापाचं येतं.

आणि ऑफिस. एकोणीस-वीसच्या मुलीची टीम शुक्रवारी बारमध्ये जाते. एकविसाच्या आत तिथे प्याला नाही, कित्येक ठिकाणी दारातूनच परत. सहकाऱ्यांची बोलणी घराच्या कर्जाची. कॉलेजातल्या मैत्रिणींची मिडटर्मची. ही दोन्हीकडे ऐकून घेते.

पुण्यात राहून गेलेल्यांना हे नवं वाटू नये. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवलं, प्रकृती कमावली आणि परीक्षेत नापास झाले. आज आपल्यापैकी कुणाच्या मुलाने असं केलं तर आपण समुपदेशक गाठू. त्याच कॉलेजात पुढे आगरकरांची गाठ पडली, रात्र रात्र वाद झाले, आणि 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. ती मैत्री पुढे किती कडवट झाली तेही आपल्याला माहीत आहे, पण भांडायला तरी आधी कुणीतरी तितकं जवळचं लागतं. घरात ज्ञानेश्वरांच्या वयाचे दाखले देणाऱ्या आजोबांनाही एक सांगायचंय: तिथेही चार भावंडं बरोबर होती.

पण सगळ्यांची घाई एकसारखी नसते, आणि इथे मला माझाच आवाज जरा खाली घ्यावासा वाटतो. चौथ्या वर्षाची फी ज्यांना खरंच झेपत नाही, त्यांना मी भांगडा टीमच्या गोष्टी काय सांगणार? आणि ज्यांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, त्यांच्या घरात मूल एकविसाचं झालं की त्याचा एच-फोर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर मिळालेला व्हिसा, संपतो. ते घर कॅलेंडर आपल्यासारखं वाचत नाही. तिथल्या घाईला हौस म्हणू नका.

बाकी आपली घाई मात्र बऱ्यापैकी हौस आहे. “संपलं सुद्धा?” हे वाक्य ऐकायला आपल्याला आवडतं. आता पुण्याच्या भाच्यांचीही सोय झाली आहे. यूजीसीने 2024 च्या अखेरीस वेगवान पदवीची योजना आणली: तीन वर्षांची पदवी पाच सेमिस्टरांत, चार वर्षांची सहा-सात सेमिस्टरांत, निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी. म्हणजे कुठली नाटकाची टीम आपली, हे कळायच्या आत. पुढच्या डिसेंबरला पुण्यात वैशाली हॉटेलात नाव लावून उभे असाल तेव्हा शेजारच्या घोळक्यात हाच विषय असेल, लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर क्रेडिट जरूर आणा, पण ती बाहेर पडण्यासाठीच खर्चायला हवीत असं नाही. त्यांच्या जिवावर एखादं सेमिस्टर 12 चं घ्या, दुसरा विषय घ्या, बाहेरदेशी एक सत्र करा, पाच वर्षांची पदवी-पदव्युत्तर जोडी चारात बसवा. आणि लवकर निघायचं की नाही हे पहिल्या दिवशी ठरवू नका. दुसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्या सत्रात, ठरवा, तेव्हा सोडून काय जायचंय ते दिसायला लागलेलं असतं. मेरिट स्कॉलरशिप आठ सेमिस्टरांची असेल तर उरलेल्या सेमिस्टरांचे पैसे रोख मिळत नाहीत, हेही आधी वाचून घ्या.

आता त्या मुलीकडे येते. आईने परत आल्यावर शोध लावला की काही विद्यापीठांत माजी विद्यार्थी संघाला कळवून पदवीच्या ऐवजी प्रवेशाच्या सोबत्यांची बॅच लावून घेता येते. त्यांच्या विद्यापीठातही आहे. एक पानी अर्ज. आईने उत्साहाने लेकीला पाठवला. लेकीचं उत्तर आलं, “फॉर्म भरून बॅच मिळते?” अजून तिने तो भरलेला नाही.

फॉर्मवरून आठवलं. आजच्या तिकिटाच्या अर्जात आपण तीनच रकाने ठेवलेत: कुटुंब, विद्यार्थी, ज्येष्ठ. ती आज आली आहे. विद्यार्थी नाही म्हणून तिच्याकडून कुटुंबाचे पैसे घेतले गेले आणि जेवणाला तिला पाच नंबरच्या टेबलावर बसवलंय, चार जोडप्यांच्या मध्ये. तिच्या वयाची मुलं मागच्या हॉलमध्ये पत्ते खेळताहेत. चौथा रकाना घालायचा विषय कार्यकारिणीपुढे आहे. त्याला नाव काय द्यायचं यावर दोन बैठका झाल्या. अजून सुचलेलं नाही.

दूध झालं म्हणतात.